समोरच्या घरातला वास

समोरचं घर बरेच दिवस बंद होतं. मग एका संस्थेने ते भाड्याने घेतलं आणि सहा माणसं पिशव्या घेऊन राहायला आली.

सून म्हणाली, "आई, तुरुंगातनं सुटलेले हायत. दाराला कडी लावत जा."

मी कडी लावली आणि खिडकी उघडली. बघायचं तर होतंच.

पहिले काही दिवस मला एकच कळेना. त्यांच्यातला एक उंच माणूस उघड्या दाराशी येऊन थांबायचा. आतून कोणी "ये" म्हटलं की मगच पुढे पाऊल टाकायचा. दार सताड उघडं, आडवं कोणी नाही, तरी उभा. मला वाटलं ह्याला कमी दिसतं. शेवटी घर सांभाळणाऱ्या सरांना मी रस्त्यातच गाठून विचारलं. ते म्हणाले, "आजी, आत असताना दार दुसऱ्याने उघडायचं असतं. ती सवय जायला वेळ लागतो."

"आणि हे सगळे सुटलेले म्हणतात लोक, ते कशातनं? तुरुंगातनं का दारूतनं?"

"तुरुंगातून सुटलेत. दारूतून सुटतायत," सर म्हणाले.

सहा महिने राहायचं, दिवसा काम करायचं, सहाच्या आत परत यायचं. नशा केली तर त्याच दिवशी पिशवी उचलायची. पोलिसांकडे फुंकायची मशीन असते तशी इथे नव्हती. सर फाटकात उभे राहून एकेकाचं तोंड हुंगायचे. मी ते रोज बघायची. गोठ्यात गुरं मोजून घेतात तसं दिसायचं, पण माणसं गप उभी राहायची.

आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घराच्या मागची पत्र्याची शेड, एवढंच. हमरापूरच्या बाजूला घरोघरी हेच काम. त्या वर्षी आमचे रंगवाले दोघेजण धाटावला कंपनीत लागले, शिफ्टची नोकरी म्हणून. सणाला अडीच महिनेच उरलेले आणि गन मारायला माणूस नाही. गन म्हणजे रंग उडवायची. मी सरांकडे जाऊन त्या उंच माणसालाच मागितलं.

सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, "त्यानं काय केलं होतं ते तरी विचारलंत?"

मी विचारलं. तो मूर्तीला पॉलिश पेपर घासत होता. हात न थांबवता म्हणाला, "पिऊन टेंपो चालवला. माणूस मेला."

"कुठला तू?"

"रोह्याचा. बायको, मुलगी तिकडंच हायत."

"बायको घेते का घरात?"

"सरांच्या घरात सहा महिने नीट काढ, सर स्वतः फोन करून सांगतील तेव्हा ये, असं म्हणाली. मधीच बाहेर काढलं तर परत तोंड दाखवू नको." चार महिने झाले होते.

माणूस कामाला चांगला होता. पिवळं पितांबर एकसारखं उडवायचा, कुठे ओघळ नाही. डोळ्यांची आखणी मी त्याला दिली नाही. ती मी आणि सूनच करतो, आणि त्याचा हात बारीक कुंचला धरला की अजून थरथरायचा. त्याने एकदा मागितली. मी म्हटलं, "देव तिरळा झाला तर गिऱ्हाईक मला धरील." तो हसला. त्याला हसताना तेव्हाच पाहिलं.

मग एका संध्याकाळी समोर फाटकात आवाज चढला. मी खिडकीत. सर म्हणत होते, "तोंडाला वास आहे. डोळे लाल आहेत. खरं सांग." तो म्हणत होता, "रंगाचा हाय, सर." सर म्हणाले, "दारू सोडलेली माणसं थिनर हुंगायला लागतात, हे मला तू शिकवू नको. सकाळी पिशवी भर."

मी चपला घातल्या. सून म्हणाली, "आई, आपल्याला काय करायचंय?" खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं तो हुंगतो का. रंग पातळ करायच्या थिनरचा डबा त्याच्या हाताशी असायचा. मी काही दिवसभर त्याच्याकडे बघत बसलेली नव्हते. पण त्या दिवशी पावसाची झड होती म्हणून आम्ही शेडचे पडदे सोडले होते, आणि आत सगळा वास कोंडला होता. माझंही डोकं दुपारपासून धरलं होतं.

मी फाटकाशी जाऊन सरांना म्हटलं, "माझं तोंड हुंगा."

"आजी, काहीतरी काय."

"हुंगा म्हणते ना."

ते वाकले. मी त्यांच्या नाकावर फूं करून श्वास सोडला. सरांनी तोंड फिरवलं. मी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून दाखवल्या.

"मी गन धरत नाय. नुसती कोपऱ्यात बसून डोळे आखते. आता मला पण काढा घरातनं."

मागे उभे असलेल्यांपैकी एक म्हणाला, "आजीला सहा महिने आत घ्या, सर." सरांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो आत पळाला. पण सरांचंही तोंड जरा सैल झालं. ते माझ्याबरोबर शेडमध्ये आले, पडद्याच्या आत पाच मिनिटं थांबले आणि खोकत बाहेर पडले. म्हणाले, "राहू दे त्याला."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा मी विचारलं, "आता सर नायत. त्या वासानं तुला प्यावंसं वाटतं का?"

त्याने पेपरवरची पूड झटकली. मग म्हणाला, "व्हय. पहिल्या दिवसापासनं. म्हणून तर गन आवडते."

"हुंगलास कधी, मुद्दाम?"

"नाय. डब्याचं झाकण लावताना हात जड होतो, एवढंच."

म्हणजे सरांचं नाक चुकलं होतं, पण भीती चुकली नव्हती. मी गन त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला माती मळायला बसवलं. शाडूची माती, तिला पाणी लागतं, दुसरं काही नाही. तो रागावला. म्हणाला, "मी खरं बोललो त्याची शिक्षा का ही?"

"शिक्षा तुला माहीत हाय कशी असते. ही माती हाय. मळ."

गन सुनेने धरली. तिला ती नीट येत नाही, त्या वर्षी कितीतरी पितांबरांना ओघळ आले आणि दोन गिऱ्हाइकांनी मूर्ती बदलून मागितल्या. सून मला ते अजून ऐकवते. तो उरलेले दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

सहा महिने भरले त्या सकाळी सरांनी अंगणात उभं राहूनच रोह्याला फोन लावला. आधी त्यांनी त्याचं तोंड हुंगलं. हातांना माती होती, ती धुवायचं त्याला सुचलं नव्हतं. बायको काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सर फक्त म्हणाले, "हो, मी सांगतोय. मी स्वतः सांगतोय." मग फोन त्याच्याकडे दिला, तर तो नुसता "हां, हां" करत होता.

दुपारच्या गाडीने तो गेला. मला सांगून गेला नाही.