आडवी रेघ आणि निरंक

मुखेड रस्त्यावरच्या आमच्या महाविद्यालयात वीरण्णा एकवीस वर्षं शिपाई आहे. त्याचं खरं काम मात्र मैदानाच्या कोपऱ्यातल्या हवामान केंद्रात. रोज सकाळी साडेआठला तो पर्जन्यमापकात साचलेलं पाणी मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांसमोर धरतो आणि आकडा वहीत लिहितो. पाऊस नसला तर शून्य. मोजलंच नसेल तर आडवी रेघ. रविवारी केंद्राला कुलूप असे. तो नियम माझा. मी इथला कार्यालय अधीक्षक, बी.कॉम., पुढच्या मे महिन्यात निवृत्त.

वह्या संगणकावर मीच चढवल्या. रिकामा रकाना मला बघवत नाही. प्रत्येक रेघेच्या जागी मी सरकारी सवयीने 'निरंक' धरलं आणि शून्य भरलं.

यंदा भूगोलाच्या उज्ज्वला मॅडमनी दहा वर्षांचे आकडे मांडले. आमच्या आवारात रविवारी पाऊसच पडत नव्हता! सोमवारी मात्र दुप्पट.

प्राचार्यांनी वीरण्णाला व्हरांड्यातच गाठलं. "घरी बसून आकडे लिहितोस काय रे?"

"न्हाई सर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलीत पाहिलं. मला सगळं कळलं होतं: रविवारचं साचलेलं पाणी सोमवारच्या मापात येत होतं आणि रविवारची शून्यं माझी होती.

"वीरण्णा, तुझ्या ढगालाबी रविवारची सुट्टी लागू झाली का?" मल्लेश शिपाई म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

केंद्राचं काम त्याच्याकडून काढून घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं, जावक क्रमांकासह.

चावी द्यायला तो आला. "नव्या माणसाला एवढं सांगा, सायेब. रेघ म्हंजे पाऊस न्हाई, असं न्हाई. रेघ म्हंजे म्या बघितलं न्हाई."

तक्रार नव्हती. मला मात्र गप्प बसवेना. जुन्या वह्या घेऊन मी मॅडमकडे आणि मग प्राचार्यांकडे गेलो. चूक माझी म्हणून लिहून दिलं. पत्र रद्द झालं. रेघा परत आल्यावर रविवारचं कोडं गेलं आणि खरं होतं ते उरलं: जुलैअखेर दहा-बारा दिवसांचा पावसाचा खंड, जवळजवळ दरवर्षी.

वीरण्णाची माफी मी केबिनचं दार लावून मागितली.

"मला तर व्हरांड्यात बोलले व्हते, सायेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला व्हरांड्यात, मल्लेशसह सगळ्यांच्या देखत, मी तीच माफी मागितली. कुणी हसलं नाही. वीरण्णाने घड्याळ पाहिलं.

"साडेआठ व्हायलेत, सायेब," म्हणाला आणि मैदानाकडे निघाला.