तीन सीटांचे पैसे

धाकट्या बहिणीकडे जायचं दोन वर्षांपासून घाटत होतं. ती, कमल, फुलसावंगीच्या अलीकडे एका लहानशा गावात राहते आणि मी बाभुळगावात. जिल्हा एकच, पण आमचा यवतमाळ जिल्हा काही तळहाताएवढा नाही. दोन एस.टी. बदलायच्या आणि शेवटचा तुकडा जीपचा. डिझेल वाढलं की जीपचं भाडं वाढतं, आणि भाडं वाढलं की मी म्हणायची, जाऊ पुढच्या महिन्यात. असे किती पुढचे महिने गेले ते विचारू नका. शेवटी कमलचाच फोन आला, "जिवंत आहेस का नाही ते तरी दाखवून जाय." मग निघाले.

एस.टी.त आम्हां बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे यवतमाळपर्यंत छाती पुढे काढून बसले होते. तिथून महागावची गाडी. आर्णीच्या आधी सागाचं जंगल लागतं. थंडीत पानं तांबूस होऊन लटकलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेला कापूस आणि पिवळी फुलं गळून शेंगा धरलेली तूर. शेजारी एक दिग्रसची बाई होती. आर्णीला आम्ही दोघींनी आलुबोंडे घेतले. मी विचारलं, घरी स्वयंपाक कशावर? तर म्हणाली, "चहा गॅसवर, बाकी सारं चुलीवर. पाहुणा आला की शेगडी पुसून ठेवतो, दिसाले बरी." दोघीही हसलो. माझ्या घरीही तेच चाललं होतं, फक्त मी तिला सांगितलं नाही.

महागावला उतरले तेव्हा साडेचार झाले असतील. फुलसावंगीकडे जाणारी जीप उभी होती आणि तिचा मालक बाबूसिंग बोनेटला टेकून शेंगदाणे खात होता. बंजारा तांड्यातला माणूस, साठीकडे झुकलेला, बोलका.

"किती वेळ रे, बाबू?"

"भरली का निघाली, याडी." (त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.) "पहिले सात सवारीत सोडत होतो. आता दहा झाल्याबिगर चाक हलत नाही. आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन हैदराबादेपर्यंत जात. बैल रस्त्यानं चरत जाय. याले चरता येत नाही ना." त्यानं जीपच्या टाकीवर थाप मारली.

मी आत बसले. पाच वाजत आले. सात जण झालो होतो, तीन जागा रिकाम्या. आलुबोंडा केव्हाच जिरला होता, कंबर बोलायला लागली होती, आणि मला कमलच्या हातची वांग्याची भाजी दिसायला लागली, सोले (तुरीचे ओले दाणे) घातलेली. मी पदराची गाठ सोडली.

"राहिलेल्या तीन सीटांचे पैसे मी देते. चाल तू."

बाबूसिंग घुटमळला. "तसं नाही याडी, रोजच्या दोघीजणी साडेपाचले येतात."

"मागच्या गाडीनं येतील."

"मागची गाडी आता कुठं हाय? दोनाची एक झाली."

मला वाटलं, हा भाव वाढवून राहिला. मी आणखी दहा रुपये पुढे केले. मागचा एक म्हातारा म्हणाला, "घे ना बाबू, लक्ष्मी आली तर काहून परत पाठवतं?" बाबूसिंगनं एकदा बाजाराच्या रस्त्याकडे पाहिलं, मग पैसे खिशात घातले आणि चावी फिरवली. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

फाट्यावर उतरले आणि दीड किलोमीटर आत चालत गेले. ऊन उतरलं होतं. कमल दारातच चुलीत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) मोडून घालत होती. दोघी गळ्यात पडलो, थोडं रडलो, मग एकमेकींचे पांढरे केस मोजले.

"आज लवकर आली तू," ती म्हणाली. "आमची प्रतिभा साडेसहापर्यंत येते."

प्रतिभा म्हणजे तिची सून. महागावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. आधी कमलचा मुलगा गजानन तिला मोटरसायकलनं फाट्यावरून आणायचा. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हापासून ती फाट्यावरून एकटी चालत येते.

"मले नाही पटत," कमल हळूच म्हणाली. "अर्धा पगार जाण्यायेण्यात. वरून थंडीचा अंधार. मी सांगून ठेवलं, एखाद दिवशी उशीर झाला तर समज, नोकरी बंद."

तेवढ्यात गजाननचा फोन वाजला. "गाडी गेली? अशी कशी गेली?" तो म्हणाला, आणि रोजच्या दोघींतली एक कोण ते मला तेव्हा कळलं.

गजाननच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. फवारणीच्या पंपासाठी बाटलीत राखून ठेवलेलं त्यानं टाकीत ओतलं, थेंब सांडू नये म्हणून बाटली उलटी धरून किती वेळ उभा राहिला. मी ओट्यावर बसून पाहत होते. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण लेकाच्या वयाच्या माणसापुढे जीभ उचलली नाही.

साडेसात वाजता दोघं आले. प्रतिभा हातपाय धुऊन माझ्या पाया पडली. ताटं वाढली गेली. भाजी तीच होती, जी मला जीपमध्ये दिसली होती.

"बाबूभाऊ रोज थांबतात हो," प्रतिभा म्हणाली. "आज कोण्या बाईनं साऱ्या सीटांचे पैसे भरले म्हणे."

"कोणी का भरेना," कमल म्हणाली. "उद्या लॅबमध्ये फोन करून सांगून दे. आता येणं जमत नाही म्हणावं."

प्रतिभानं मान खाली घातली. गजानन भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"कमल," मी म्हटलं, "ते बाई मी होतो."

"तू?"

"भूक लागली होती. बाबूसिंगनं सांगितलं होतं मले, दोघीजणी येतात म्हणून. मी ऐकलं नाही. राग तिच्या नोकरीवर नको काढू. माझ्यावर काढ."

कमल माझ्याकडे पाहून म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहेस. तुले जेवाची घाई." कोणी हसलं नाही.

प्रतिभा तेव्हा बोलली, आवाज न चढवता. "आई, मी घरी बसली तर भाडं वाचन. पण सिलिंडर माझ्याच पगारातून येते. अन् मले ते काम येते. हजार लोकांचं रक्त काढलं, कोणाले दुखवलं नाही."

"मले पैशाचं नाही गं," कमल म्हणाली. "तो फाट्यापासूनचा अंधार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

सकाळी उठले तर प्रतिभाचा डबा भरलेला होता. लॅबमध्ये फोन गेला नव्हता.

तीन दिवस राहून मी परतले. सकाळी प्रतिभाबरोबर त्याच जीपनं महागावला आले आणि बाबूसिंगला हात जोडले. तो म्हणाला, "घेतले तर मीच ना, याडी." परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून विचार करत होते. महागाई आली की आपण काय काय कमी करतो? साखर, तेल, गॅस. आणि त्याच्याही आधी बाईचं जाणं-येणं. कोणी हुकूम देत नाही. मला बहिणीकडे जायला दोन वर्षं लागली, आणि थांबवणारी मीच होते. तेच मी एका संध्याकाळी दुसरीच्या वाट्याला आणून ठेवलं, तेही पदरचे पैसे देऊन.

परवा संध्याकाळी कमलला फोन लावला. तिला धाप लागली होती.

"काय झालं? कुठं आहेस?"

"फाट्यावर," ती म्हणाली. "टॉर्च घेऊन रोज येतो आता. माझ्या पायाले कुठं पेट्रोल लागते?" मग जीपचा आवाज आला, कोणीतरी "आई" म्हणून हाक मारली, आणि तिनं मला काही न सांगता फोन ठेवून दिला.