डेल्फिनने लावलेला चेकनट

ऑरिन ट्वेटच्या तळघरात एप्रिलमध्ये गरम पाण्याची टाकी गळायला लागली, तेव्हा तो रोज त्या पाण्यातूनच ये-जा करत होता. खाली जायचं, मोजे भिजायचे, वर येऊन मोजे बदलायचे. यात काही चुकतंय असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. बायको, डेल्फिन, गेल्यापासून डोक्यात फारसं काही येत नव्हतं. शेवटी तिचा भाऊ वेंडेल आला, पायऱ्या उतरला आणि खालूनच म्हणाला, "ऑरिन, तू ट्राउट मासे पाळायला घेतलेस की काय?"

टाकी वेंडेलनेच बदलली, पाणीही त्यानेच उपसलं. मग कामाच्या बाकासमोर उभा राहून तो गप्प झाला. वेंडेल गप्प होणं ही मोंटानात क्वचित घडणारी गोष्ट.

बाकाला काडतुसं भरायचं यंत्र जखडलेलं होतं. ओतीव लोखंडाचं, कमानीसारखं, बाजूला लांब हँडल. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी खाली ठेवून हँडल ओढलं, की ती वरच्या पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, शिरते आणि फुगलेली असते ती दाबली जाऊन मापात येते. मग बुडाला नवी स्फोटक टोपी, नवी दारू, नवी गोळी. आता त्या कमानीवर तांबडा गंज चढला होता.

"हे माझ्या बापाचं आहे," वेंडेल म्हणाला.

"त्याने डेल्फिनला दिलं होतं."

"डेल्फिनला. तुला नाही."

"तुलाही नाही. तू दारू सांडायचास."

"एकदा सांडली."

"तोंडात सिगारेट धरून."

"पेटलेली नव्हती." वेंडेलने बोटाने गंज खरवडला. "हे बघ, असं सडवून ठेवणार असशील तर मी घेऊन जातो. निदान वापरीन."

"नको," ऑरिन म्हणाला. आपण 'नको' म्हणालो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. कित्येक दिवसांत त्याने कशालाच नको म्हटलं नव्हतं. शेजारणीने दुःखाच्या घरी म्हणून आणून दिलेलं जेवणाचं तिसरं कॅसरोलही निमूट घेतलं होतं. "एल्कच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आत चालू करतो. तुझी काडतुसं यावरच भरू. नाही जमलं तर ने."

"मग रडायचं नाही."

"रडलो का मी?"

नव्हता रडला. दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. तेच तर वेंडेलला खटकत होतं.

ऑरिनने उभा जन्म जंगलात लाकूड तोडण्यात घालवला. चेनसॉच्या थरथरीने त्याच्या बोटांची टोकं मारून टाकली होती. थंडीत ती मेणासारखी पांढरी पडत, आणि उन्हाळ्यातही सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळे. सदऱ्याची वरची बटणं डेल्फिन लावून द्यायची. पोस्टाच्या खिडकीत बसणारी ती बाई पानगळ सुरू झाली की रविवारी तळघरात उतरे, आणि ऑरिन पालथ्या बादलीवर बसून तिच्या हातात पुंगळ्या देई. "दे." "घे." अख्ख्या संसारात काय बोललात, असं कुणी विचारलं असतं, तर त्याने बहुतेक हेच दोन शब्द सांगितले असते.

उन्हाळाभर तो यंत्राला भिडला. उत्साह वगैरे नव्हता; हातांना काहीतरी लागतं म्हणून. रॉकेल आणि तारेचा ब्रश लावून गंज उतरवला. हँडलच्या पिना झिजून खुळखुळ्या झाल्या होत्या. गावातल्या वर्कशॉपमधून जाड पिना आणि त्यांच्याभोवती बसणारे नवे बुश करून आणले. पुंगळी वर ढकलणारा दांडा पॉलिश पेपरने घासला, पण हलक्या हाताने, म्हणजे तो ढिला होणार नाही. पुंगळ्यांतून निघालेल्या जळक्या टोप्या कायम जमिनीवर सांडत आणि डेल्फिन दरवेळी शिव्या देत वाकून वेचायची. ऑरिनने दांड्याला आडवं भोक पाडलं, नळी लावली, नळीखाली लोणच्याची बरणी ठेवली. कमानीच्या पोटात छोटा दिवा बसवला. इतक्या वर्षांत हे का सुचलं नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. दुखलंबिखलं नाही.

जंगलातल्या कामाची त्याची शिस्त अशी, की यंत्र उघडायचं तर शेवटच्या नटापर्यंत उघडायचं. तसं त्याने सगळं उघडलं आणि रॉकेलच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी डब्यातून डाय काढली, तर तिला जागेवर आवळून धरणारा चेकनट वेगळा पडलेला; बाकीच्या नटांबरोबर त्यानेच तो सोडवला होता.

तो नट हातात धरून उभा राहिला.

डाय यंत्रात किती खोल जायची ते त्या नटावर ठरतं. जास्त खोल गेली तर पुंगळी नको इतकी आवळली जाते, कमी गेली तर काडतूस रायफलीत बसत नाही. डेल्फिनने तो आपल्या बापाच्या रायफलीशी जुळवून एकदाच लावला होता, लग्न झालं त्या वर्षी. पुन्हा कधी हलवला नव्हता. आणि ऑरिनने कुठे साधी खूणही केली नव्हती.

रविवारी वेंडेल बापाची ती रायफल घेऊन आला; ती आता त्याच्याकडे होती. यंत्र पाहून त्याने शीळ घातली. "अरे, हे तर नवऱ्या मुलासारखं दिसतंय."

"वेंडेल, मी चेकनट काढला."

"कुठला?"

"डायवरचा. तिने लावलेला."

"गाढवा," वेंडेल हळूच म्हणाला. मग त्याने डाय उचलून पाहिली. "बरं. परत लावता येतो. बाबा शिकवत होते तेव्हा मी जिन्यात बसून ऐकायचो. आण पुंगळ्या."

डाय थोडी उतरवायची, पुंगळी दाबायची, रिकामीच रायफलीत घालायची आणि बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची सरकती दांडी, बंद करून बघायचा. घट्ट गेला तर डाय आणखी थोडी उतरवायची. रायफल ऑरिनकडे होती. डेल्फिन म्हणायची, बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला पाहिजे, अगदी शेवटी किंचित अडला पाहिजे.

"अडतोय का?" वेंडेलने विचारलं.

"नाही."

"मघाशी?"

"मघाशीही नाही."

"मग त्याच्या आधी?"

"वेंडेल, मला काही कळत नाहीये. बोटांना लागतच नाही."

वेंडेलने त्याच्याकडे पाहिलं. चेष्टा तोंडाशी आली असावी, पण केली नाही. रायफल त्याने आपल्याकडे घेतली. "तू डाय फिरव. मी सांगतो."

ऑरिनने डाय पुन्हा वर घेतली आणि नव्या पुंगळीपासून सुरुवात केली. फिरवली. वेंडेलने बोल्ट ढकलला, डोळे मिटून. "घट्ट." परत. "अजूनही घट्ट." परत. "अं... थांब. पुन्हा बघतो." त्याने बोल्ट उघडला, बंद केला. "हां. इथे. लाव नट."

ऑरिनने पाना लावून नट आवळला. दुपारभर त्यांनी काडतुसं भरली. जळक्या टोप्या बरणीत पडत राहिल्या. यंत्र इतकं गुळगुळीत चालत होतं, की नवं असतानाही चाललं नसेल. वेंडेल सारखं तेच म्हणत होता. "जिंकलास बाबा. ठेव तुझ्याकडे. मोसम उघडायला अजून अवकाश आहे आणि तुझं काम झालंय."

ऑरिनने शेवटची पुंगळी काढली. त्याला या लोखंडाचा लोभ नव्हताच, हे त्याच्या आता लक्षात आलं. त्यात डेल्फिनचं म्हणून जे होतं, ते त्या नटाच्या जागेत होतं. ते गेलं. आता जो नट होता तो वेंडेलच्या बोटांनी लावलेला. बरोबर लागला असेल, बहुधा तिच्याइतकाच. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो थोडा थांबला, वाटतंय का बघायला. मग त्याने मोठा पाना घेतला आणि बाकाखाली वाकून यंत्राचे बोल्ट सोडवायला सुरुवात केली.

"हे काय करतोस?"

"तू ने."

"अरे, पण मी म्हटलं ना..."

"ऐकलं. मला लावता येत नाही, तुला येतं. उद्या रायफल बदललीस तर परत लावावा लागेल. माझ्याकडे ठेवून काय करू?"

वेंडेल खुर्चीवर बसला. "मी ते बोललो होतो ना एप्रिलमध्ये, बापाचं बिपाचं, तू ते मनावर घेतलंस काय?"

"तेव्हा मी काहीच मनावर घेत नव्हतो."

"ते खरंय." वेंडेलने नाक पुसलं. "ती असती तर दोघांनाही हाकलून दिलं असतं."

"तुला आधी."

यंत्र जड होतं. दोघांनी मिळून ते पायऱ्यांवरून वर आणलं, पिकअपमध्ये जुन्या ब्लँकेटवर आडवं ठेवलं. बाहेर लार्चची झाडं पिवळी झाली होती. वेंडेल म्हणाला, घरी गॅरेजच्या बाकाला लावीन, दोन लाकडी स्क्रू मारले की झालं.

"लाकडी स्क्रू?" ऑरिन म्हणाला.

"मग?"

"पहिल्या हँडललाच उपटून येईल. आरपार बोल्ट लागतात, खालून पट्टी लागते. तुझ्याकडे पट्टी आहे?"

"नसेल."

ऑरिन परत तळघरात गेला. ड्रिल, पोलादी पट्टी आणि बोल्टचा डबा घेऊन वर आला, दार लावून घेतलं आणि वेंडेलच्या शेजारी गाडीत चढून बसला.