निसीमचे पिवळे ठिपके

निसीम अष्टमकर स्कूटरवरून निघाला की मागचे सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात, अशी रोह्यात थट्टा होती, आणि ती फारशी खोटी नव्हती. काटा तीसच्या वर सरकला की त्याचा हात आपोआप ब्रेकवर जायचा. आणि हाच माणूस रोह्याशेजारच्या अष्टमीतल्या आपल्या घरामागे, पत्र्याच्या पडवीत, जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करायचा. दोन माणसांच्या, बुटक्या, उघड्या गाड्या, ज्या जन्माला आल्या त्याच मुळी पळायला. कुठल्या तरी संस्थानिकाच्या नाहीतर पारशाच्या बंगल्यात सडत पडलेली गाडी हौशी लोक ट्रकवर घालून त्याच्या दारात आणून टाकत. सुटे भाग मिळायची बोंब, म्हणून निसीम अँबॅसिडरचे भाग कापून, घासून, वाकवून तिच्यात बसवायचा. "दोघी एकाच माहेरच्या, विलायतेच्या," म्हणायचा, "एक नाचरी निघाली, एक संसारी, एवढंच." गाडी तयार झाली की चालवून बघायला मात्र मालकालाच बसवायचा. स्वतः फाटकाशी उभा राहून डोळे मिटायचा आणि नुसता आवाज ऐकायचा.

लोक हसायचे, कारण त्यांना मुंबईतली गोष्ट ठाऊक नव्हती. बावीस वर्षांचा असताना निसीम तिथे एका गॅरेजात कामाला होता. एका गाडीच्या चाकाचे नट त्याने हाताने फिरवले आणि पाना घ्यायला वळला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत आला तेव्हा नट पक्के केलेत अशी त्याची खात्रीच होती. शपथेवर सांगितलं असतं त्याने. ती गाडी दुसऱ्या दिवशी उलटली आणि चालवणाऱ्याचा पाय गुडघ्यापासून गेला. निसीम त्याला भेटायला इस्पितळात गेला, खोलीच्या दारापर्यंत पोचला आणि तसाच मागे फिरला. स्वतःच्या डोक्यावरचा त्याचा विश्वास त्या दिवशी उडाला तो कायमचा.

त्यातून ठिपक्याची रीत निघाली. नट पान्याने आवळायचा, पुन्हा ओढून बघायचा आणि तिथल्या तिथे त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे नट पक्का. ठिपका नाही म्हणजे नाही, मग मन कितीही छातीठोक सांगो. हा पिवळा रंग शेजारच्या शकूकडचा. शकू हमरापूरची लेक, गणपती रंगवणाऱ्या घरातली. लग्न होऊन अष्टमीत आली तरी तिने ब्रश सोडला नाही. माहेरून कच्च्या मूर्ती यायच्या, ती त्या रंगवायची, आणि तिचा नवरा शिवा आपल्या टेम्पोतून पेणच्या व्यापाऱ्याकडे पोचवायचा. पितांबराचा उरलासुरला रंग निसीमच्या डबीत पडायचा.

चौऱ्याण्णव साली, गणपती दहा दिवसांवर आले असताना, निसीमकडे पेणच्या दाजी टिपणीसांची लाल एमजी होती, तसलीच एक बुटकी विलायती गाडी. दाजी रामवाडीला राहायचे. साठीचा माणूस, पण गाडीत बसला की विशीतला. निसीमने तिच्यात अँबॅसिडरचं इंजिन बसवून दिलं होतं, आणि आता स्टिअरिंगची खडखड काढायची होती. त्यासाठी त्याने पुढचं डावं चाक उतरवलं. गाडी वळवणारा दांडा त्या चाकाला जिथे धरलेला असतो तिथला आर्म काढला, नीट केला आणि परत बसवला. दोन नट. शुक्रवारी संध्याकाळी ते दोन नट त्याने हाताने फिरवले आणि पाना उचलला, तोच घरातून बायकोचा, सिपोराचा आवाज आला.

"अहो, दिवा लावतेय मी!"

घर बेने इस्रायली. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, शनिवारच्या विश्रांतीचा दिवस, लागला की निसीम हातातली वस्तू जिथल्या तिथे ठेवायचा. त्याला देवाची भीती होती आणि सिपोराचीही, आणि त्या घटकेला दोघांचं एकमत असे. उठताना त्याने नटांकडे पाहिलं. ठिपके नव्हते. बरं झालं, रविवारी आपोआप लक्षात येईल, असं मनाशी म्हणून तो हात धुवायला गेला. शनिवारभर त्याने पडवीकडे पाऊलही टाकलं नाही.

रविवारी सकाळी तो चाकापाशी उकिडवा बसला. दोन्ही नटांवर पिवळे ठिपके होते, गोल, नेटके.

त्याच्या मनात काहीतरी खटकलं. हे मी कधी केलं? हात पान्याकडे गेलासुद्धा. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. डोकं खोटं बोलतं म्हणून तर ठिपका, आणि आता ठिपक्यावरही शंका? उद्या काय, स्वतःच्या नावावर शंका घेशील, असं स्वतःला खडसावून त्याने चाक चढवलं.

चार वाजता दाजी आले. निसीमची मुलगी तामार पेणला शाळेत शिक्षिका होती. ती आत्याकडे राहायची आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत जायची. दाजी सहज म्हणाले, "एसटी कशाला? मी सोडतो की हिला." तामार बापाकडे बघत राहिली. लहानपणापासून त्या गाड्यांच्या वासात वाढलेली मुलगी, पण एकीतही तिला बसू दिलेलं नव्हतं. चोवीस वर्षांची झाली तरी बापाचं "नको" तसंच. यावेळी निसीमने गाडीभोवती एक चक्कर मारली. दिसेल त्या नटावर ठिपका होता. आणि कधी नव्हे ते त्याच्या तोंडून "जा" निघालं. सिपोरा चकित होऊन बघत राहिली. तामारने पिशवी मांडीवर घेतली, ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. निसीमने डोळे मिटून आवाज ऐकला. इंजिन झकास बोलत होतं.

शेजारी शिवा आणि शकू टेम्पोत मूर्ती चढवत होते. पेंढा, गोणपाट, वर ताडपत्री. तीन महिन्यांचं काम आज पेणला चाललं होतं.

"भाऊ, दाराची सोनेरी रेघ कशी जमली?" शकूने विचारलं. दाजींच्या हौसेखातर तिनेच ती शनिवारी येऊन ओढली होती.

"सुरेख गो. मशीनलाही जमणार नाय."

"आनि चाकामागचे दोन नट तुमी सोडलेवते. बाकी सगल्यांना टिला आनि त्या दोघांनाच नाय, बरा दिसतो काय? तुमची डबी तितंच होती. दिला मी लावून."

निसीमला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. त्याने कुंपणाचा खांब धरला.

"काय झाला, भाऊ? शुभ म्हनून लावता ना तुमी? खंडेनवमीला आमी लावतो तसा?"

दहा वर्षं शेजारी राहून त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर मुंबईची गोष्ट सांगावी लागली असती. आता त्याने सांगितलं, तीन वाक्यांत, तुटक. ते नट ढिले आहेत. गाडी वळणार नाही. तामार आत आहे.

शकूच्या हातातला पेंढा खाली पडला. शिवाने टेम्पोला किल्ली लावली. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले आणि टेम्पो निघाला, मूर्तींसकट, कारण त्या उतरवायला वेळ नव्हता.

पेणला जायचा, रोह्याहून नागोठण्याचा रस्ता त्या पावसाळ्यात चाळण झाला होता. निसीमच्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हताच. तो नट बघत होता. प्रत्येक खड्ड्याला तो नट अर्धा आटा फिरतोय. अजून एक खड्डा. अजून अर्धा आटा. पुढे भिसे खिंड, चढ, मग उताराची वळणं, एका अंगाला दरी. दाजी उताराला गाडी सोडणार. सोडणारच, त्यांना तेवढ्यासाठी तर गाडी हवी. आणि वळणावर चाक फिरवतील तेव्हा हातातलं चाक फिरेल, खालचं फिरणार नाही. ओठांतल्या ओठांत त्याने शेमा म्हणायला घेतला आणि चार शब्दांपुढे त्याला काही आठवेना. लहानपणापासून रोज म्हटलेली प्रार्थना. मग त्याने नुसतं एलियाहू हन्नबीला, नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला विनवलं, तुझ्या नावाने नवसाचा मलिदा करीन, पोर पदरात टाक.

शिवा गाडी जपून चालवत होता. त्याचाही इलाज नव्हता. जोराचा खड्डा आला की मागे खडखडायचं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. निसीमच्या ते लक्षात येत होतं आणि तो काही बोलू शकत नव्हता. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन माझी मुलगी वाचव, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"शिवा," शकू म्हणाली, "पलव गाडी."

"मूर्ती हायत मागं."

"म्हाईत हाय मना. मीच रंगवल्यात. पलव!"

शिवाने पळवली. पहिल्याच खड्ड्याला मागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. शकूने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. जन्मभर वेगाला भ्यालेला निसीम काट्याकडे बघत होता आणि तो काटा त्याला मेलेला वाटत होता. "अजून," तो म्हणत होता, "शिवा, अजून."

खिंड चढून टेम्पो पलीकडे उतरला. प्रत्येक वळणाला निसीम आधी दरीच्या बाजूला बघायचा. मोडलेलं झुडूप, लाल पत्रा, काही दिसतंय का. पहिलं वळण मोकळं. दुसरं मोकळं. तिसऱ्या वळणावर लाल रंग दिसला आणि त्याच्या छातीतून असा काही आवाज निघाला की शिवाने करकचून ब्रेक मारला.

गाडी रस्त्याच्या कडेला धड उभी होती. दाजी बाजूला उभे राहून चिडलेल्या आवाजात बोलत होते. आणि मोरीच्या कठड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, तामार बसली होती.

"बरं झालं आलास!" दाजी ओरडले. "सांग हिला! खिंडीत चढताना म्हणते, कट्कट् आवाज येतोय, थांबवा. मी म्हटलं, अगं, तुझ्या बापाने नटानटाला टिळा लावलाय. तर म्हणे, माहीत आहे, पण मला भीती वाटते. माथ्यावर आल्यावर तर रडायलाच लागली. उताराला बसायचीच नाही म्हणते, एसटीने जाईन. शेवटी इथपर्यंत माणसाच्या चालीने आणली मी गाडी, आणि इथे ही उतरलीच."

तामारची मान खाली होती. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. "मला जमलंच नाही." तिला लाज वाटत होती. बापाचा भित्रेपणा तिच्यात उतरला म्हणून शाळेत, कॉलेजात जिची चेष्टा झाली ती मुलगी, आज आयुष्यात पहिल्यांदा परवानगी मिळाली तर तिथेही भ्याली.

निसीम रस्त्यावर उताणा झाला आणि चाकामागे सरकला. एक नट नव्हताच. दुसरा शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. त्याने बोट लावलं तसा तो सहज फिरला आणि त्याच्या तळहातावर येऊन पडला.

तो तिथेच राहिला. बाहेर येता येईना. दाजींना त्याचे फक्त पाय दिसत होते. "निसीम? अरे, काय आहे?"

"नट नाहीत," आतून आवाज आला. "तिने थांबवलं नसतं तर पुढच्या वळणाला तुम्ही दोघं दरीत होता."

शकू रडतच पुढे झाली. "दाजी, मी, माज्या हातानं..."

"शकू, गप!" निसीम गाडीखालून ओरडला. एवढ्या जोरात तो आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. "चूक माझी. सकाळी माझ्या मनाने सांगितलं होतं, पाना लावून बघ. मीच ऐकलं नाही."

त्याच्या खिशात कामाचे चार नट असायचेच, आणि शिवाच्या टेम्पोत पाना होता. निसीमच्या हातून दोनदा नट मातीत पडला. तिसऱ्यांदा बसला. मग त्याने हाक मारली, "तामार, इकडे ये. खाली ये."

ती चांगल्या कपड्यांनिशी खडीवर आडवी झाली आणि आत सरकली. त्याने पाना तिच्या हातात दिला. "ओढ." तिने ओढला. "हलत नाही, बाबा." "परत ओढ." ओढला. "आता दुसरा." दोघं शेजारी शेजारी पडून राहिले, डोक्यावर गाडी घेऊन. हळूच, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तो म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यामुळे तुझा जन्म वाया गेला. माझी भीती तुला लागली."

तामारने पाना पुन्हा पहिल्या नटाला लावला आणि सगळी ताकद एकवटून ओढला.

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, आता येतेस की एसटीने? तामारने बापाकडे पाहिलं. निसीमच्या मनातून 'नको' ओठांपर्यंत आलं होतं. ते त्याने गिळलं.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"वाटते."

"मग जा," निसीम म्हणाला. "वाटते तोवर जा. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी उतर."