मितानाला पाय लागू नये

ऐन हंगामात कोल्हापूर सोडून जाणारा माणूस आमच्या पेठेत एक तर मयताला निघालेला असतो, नाही तर खुळा असतो. मी दोन्हींपैकी काहीच नव्हते. रायपूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि घर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. "अक्का, फुटबॉल इथंपण असतो गं," ती फोनवर म्हणाली. मी हसले. कोकणातल्या माणसाला कुणी 'आमच्याकडंपण आंबे असतात' असं सांगावं, तसं झालं ते.

गोंदियापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. वाटेत कांदा-लसूण चटणीची पिशवी फुटली आणि डब्यातली सगळी माणसं शिंकायला लागली. तिकीट तपासनीस आला, शिंकला आणि तिकीट न बघताच पुढं गेला. रायपूरला उतरले तेव्हा माझी पांढरी शाल भगवी झाली होती.

स्टेशनावर सुनंदाचे मालक विनायकराव आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेला, बारीक आवाजाचा, भला माणूस. खांद्यावर भलंमोठं जाळं. मला वाटलं, मासे धरून आले की काय.

"गोलपोस्टची जाळी आहे, ताई," ते म्हणाले. "मॅच आहे आपली. घरी जाऊ ना, पन पहिले मैदानावर जाऊ."

अशी मी बॅगेसकट समता कॉलनीमागच्या मैदानावर पोचले. विनायकरावांच्या क्लबचं नाव बालवीर. त्यांच्या वडिलांनी काढलेला, शहराच्या लीगमध्ये पहिल्यापासून वरच्या गटात. नावातला बाल मात्र केव्हाच मोठा झाला होता. बॅकला खेळणारे वानखेडे पन्नाशीला टेकले होते आणि त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. संघात चालण्यासारखा एकच गडी, माझा भाचा पंकज. पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या दुकानात कामाला. पोरगं उंच, चपळ, पायात बॉल चिकटलेला. बघून मला पेठेची आठवण आली.

समोर अभनपूरचा संघ होता. त्यांचा दहा नंबरचा गडी सुटला की वाऱ्यासारखा यायचा. पहिल्यांदा तो बॉल घेऊन थेट पंकजवर आला. मी श्वास धरला. आणि आमचा पंकज बाजूला झाला! नुसता बाजूला नाही, हात जोडून बाजूला झाला. दहा नंबरनंही पळता पळता एक हात कपाळाला लावला आणि गोल मारला.

"अरे मेल्या!" मी कडेवरून ओरडले. "बॉल अडवायचा का पाया पडायचं?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मॅच संपल्यावर मी पंकजला धरलाच.

"मौसी, मितान है मेरा," तो म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "पैर लग जाता तो?"

मी विनायकरावांकडं बघितलं. वाटलं, बाप तरी काही बोलेल. ते जाळं सोडत होते.

"तुमच्या कोल्हापुरात पाय चालत असन, ताई," ते शांतपणे म्हणाले. "इथं मितानाले पाय लागला तं पाप लागते."

मग घरी सुनंदानं सगळं सांगितलं. विनायकराव अभनपूरला नोकरीला असताना पंकज आणि शेजारचा हा पोरगा रोज मारामाऱ्या करायचे. शेवटी त्या पोराच्या आईनं तोड काढली: दोघांना मितान करून टाकू. मितान म्हणजे देवासमोर प्रसाद एकमेकांना भरवून केलेली दोस्ती. छत्तीसगडात ती सख्ख्या नात्याहून मोठी. मितानाशी भांडायचं नाही, त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्याला पाय लागू द्यायचा नाही आणि त्यानं शपथ घातली तर मोडायची नाही. मारामाऱ्या त्या दिवशी थांबल्या. पुढं दोघं फुटबॉल खेळतील, तेही एकमेकांविरुद्ध, हे त्या माउलीला कुठलं सुचायला!

"अगं, पण मग ह्याला दहा नंबरसमोर उभा का करता?"

"दुसरा कोण आहे, अक्का? वानखेडे?"



हंगाम पुढं सरकला तसा मला ह्या घराचा आणखी एक कायदा कळला. टीव्हीवर देशाची मॅच लागली की विनायकरावांनी बाल्कनीत जायचं. ते बघायला बसले की देश हरतो, असं घरात पक्कं ठरलेलं. दाराला आतून कडी. विनायकराव बाहेर खुर्चीवर बसून नुसता आवाज ऐकणार आणि आत गोल झाला की काचेवर टकटक करून विचारणार, "कोनाचा? आपला का त्यांचा?" कैक वर्षांत त्या माणसानं देशाचा एकही गोल डोळ्यानं बघितला नव्हता. मी म्हटलं, "अहो, हा काय खुळेपणा?" तर म्हणाले, "मी पाहिलं आन् हरले तं? कशाले रिस्क घ्याची?"

मला हसू आवरेना. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

एका रविवारी पंकज मला अभनपूरला घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धान कापून झालेली मोकळी शेतं, बाजारात भाताची पोती आणि गर्दी. दहा नंबरच्या घरी पंकजनं आधी त्याच्या आईला वाकून नमस्कार केला. तिला तो फूलदाई (मितानाची आई) म्हणतो. तिनं आम्हाला फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, वरून तिळाची फोडणी) वाढला. माझ्या चटणीबरोबर तो असा लागला, की मी लाज सोडून परत मागितला. दोघं मितान ओसरीवर बसले होते. "सीताराम मितान." "सीताराम मितान." एवढ्यावर त्यांची निम्मी दुपार गेली.

निघताना फूलदाई माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, ये साल कोनो देख लेतिस, त टूरा के भाग खुल जातिस." (यंदा कुणी बघितलं असतं तर पोराचं नशीब उघडलं असतं.) मोठ्या संघाला पोरं निवडणारा अभनपूरला कशाला येणार खेळ बघायला? मी "हव, हव" म्हटलं. तिथं सगळे 'हो'ला 'हव' म्हणतात, मलाही सवय लागली होती.

इकडं बालवीर मॅचमागून मॅच हरत तळाला गेला. शेवटची मॅच उरली, तीही परत अभनपूरशीच. बरोबरी केली तर वरच्या गटात टिकणार, हरलं तर खाली.

"खाली गेलो तं क्लबले कुलूप," विनायकराव म्हणाले. "खालच्या गटात कोन पोट्टा येते खेळाले? बाबाचा क्लब माझ्या हातानं बंद होईन." आणि जेवता जेवता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते नाचतच आले. "ताई, पंकजले गोलकीपर करतो! पाय लागू नये, हाताचं कोन काय म्हनलं?"

आणि खरंच, पंडरीच्या त्या दुकानात वरच्या फळीवरून साड्यांचे गठ्ठे खाली फेकतात आणि पंकज ते झेलतो. दिवसभर त्याचं कामच ते. मी म्हटलं, विनायकराव, तुमचं डोकं सोन्यानं मढवलं पाहिजे.

शेवटच्या मॅचच्या दिवशी मैदानावर गेलो, तर निम्म्या मैदानावर लग्नाचा मांडव. कुणी कुणाला विचारलं, कुणी परवानगी दिली, कुणालाच ठाऊक नाही. एका गोलच्या पाठीमागंच आचाऱ्याची भट्टी, वर जिलेबीची कढई. कॉर्नरचा झेंडा तर बुफेच्या टेबलाखाली सापडला. कोल्हापुरात असं झालं असतं तर मांडवच उठवला असता. इथं दोन्ही संघ, पंच आणि नवरीचा मामा गोल करून बसले आणि ठरवलं, की कॉर्नर सॅलडच्या टेबलाशेजारून मारायचा.

दुसरी भानगड बँडवाल्यांची. त्यांना सांगून ठेवलं होतं, शिट्टी वाजली की वाजवायचं, म्हणजे नवरदेव आला. पंचानं मॅच सुरू करायची शिट्टी मारली आणि सगळा बँड उसळून उठला. फाउल झाला, बँड. थ्रो-इन, बँड. नवरदेवाची वाट बघणाऱ्या बायका दर शिट्टीला आरतीचं ताट घेऊन धावायच्या आणि परत जायच्या.

मध्यंतराला बाजू बदलून भट्टीपुढचा गोल आमच्याकडं आला, तसा आचारी पुढं आला. "अब की बार गेंद कढ़ाई में गिरी, तो तलके वापस दूंगा."

मांडवाच्या कडेला कोट घातलेला एक पाहुणा हातात ताट घेऊन मॅच बघत उभा होता. नवरीचा मामा अभिमानानं सगळ्यांना सांगत होता, "हमारे जीजाजी, नेशनल टीम के कैंप के लिए लड़के चुनते हैं." ही बातमी मैदानावर पसरायला वेळ लागला नाही. दहा नंबरनं बुटाची नाडी परत बांधली. मला फूलदाई आठवली.

पंकज मात्र त्या दिवशी भिंत झाला होता. दहा नंबरचा एक फटका त्यानं कानापाशी झेलला, दुसरा जमिनीलगत. दर वेळी बॉल धरून "सीताराम मितान" म्हणायचा आणि परत फेकायचा. पाहुण्याचं ताट गार होत होतं. शून्य-शून्य. विनायकराव बाटलीतलं पाणी प्यायचं सोडून बाटली नुसती तोंडाला लावून उभे.

शेवटची मिनिटं. अभनपूरच्या कुणीतरी उंच बॉल मारला. तो गोलमध्ये जाणारच नव्हता, वरून सरळ कढईकडं निघाला होता. आणि आमच्या वानखेड्यांनी, लेकीच्या लग्नाच्या काळजीत बुडालेल्या त्या बापानं, गोलसमोर उडी मारून दोन्ही हातांनी तो झेलला! "जिलेबी वाचली!" असं म्हणालेही. मग हातातल्या बॉलकडं बघितलं आणि मटकन खाली बसले.

पेनल्टी. शिट्टी. बँड.

दहा नंबरनं बॉल ठेवला, मागं सरकला, पंकजकडं बघितलं आणि मान हलवली. "नइ मारंव. मितान के छाती ऊपर लात के गेंद कइसे मारंव?" (नाही मारत. लाथेनं मारलेला बॉल मितानाच्या छातीवर कसा मारू?) आजवर मितान कधी गोलमध्ये उभा नव्हता ना! आणि दुपारभर मारलेले फटके लांबून होते, कडेनं होते. हा समोरासमोर. पंचानं बजावलं. अभनपूरचे सगळे ओरडले. शेवटी त्यांचा कप्तान स्वतः पुढं आला. ह्या कप्तानानं दुपारपासून मारलेला एकेक बॉल मांडवाच्या झालरीत गेला होता. आमची माणसं देवाला हात जोडायला लागली. विनायकरावांनी माझं मनगट धरलं. "वाचलो, ताई. वाचलो."

कोटवाल्या पाहुण्यानं मान हलवली आणि ताट घेऊन तो आइस्क्रीमच्या रांगेकडं वळला.

पंकजनं ते बघितलं. मग बापाकडं बघितलं. मी शपथेवर सांगते, त्याचे डोळे भरले होते. तो दोन पावलं पुढं आला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "मितान! तोला मोर किरिया! मार!" (तुला माझी शपथ! मार!)

बँडसुद्धा गप्प झाला. पाहुणा वळला. दहा नंबरनं कप्तानाच्या हातातून बॉल घेतला, कपाळाला लावला, खाली ठेवला आणि मारला. पंकजनं खरीच उडी मारली. बरोबर बाजूला, पुरी लांब. बोटं लागली बॉलला. पण तो फटका थांबणारा नव्हता. आत गेला.

दहा नंबर धावत गेला, पडलेल्या पंकजला उठवलं आणि दोघं गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडले. नेमका त्याच वेळी नवरदेव खरोखर आला आणि त्याच्याकडं कुणीही बघितलं नाही.

मला पंकजच्या कानाखाली एक द्यावी असं वाटत होतं. आणि त्याला छातीशी धरावं असंही वाटत होतं. विनायकराव गोलपोस्टची जाळी सोडत होते. पाठमोरे. खांदे हलत होते. मी जवळ गेले तर नाक पुसून म्हणाले, "शपथ घातली त्यानं. मंग न मारून चालते काय?" जाळं मी अर्धं धरलं, त्यांनी अर्धं, आणि आम्ही घरी आलो.

सुनंदा चालायला लागली आणि मी परत निघाले. स्टेशनावर पंकजनं माझ्या पिशवीत ठेठरीचा (बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांसारखा खाऊ) डबा ठेवला. क्लबला कुलूप लागलं होतं. गाडीत मी मनाशी म्हणत होते, बाई, आमच्या पेठेत हे घडलं असतं तर त्या गोलकीपरला गाव सोडायला लागलं असतं. आम्ही जिंकायला खेळतो. हरवायला तर त्याहून खेळतो. ठेठरी खात खात गोंदिया आलं तरी मला ठरवता येईना, की शहाणं कोण.

पुढं देशाच्या तेविशीच्या आतल्या संघाची मॅच टीव्हीवर लागली. मी आमच्या तालमीत पोरांच्यात बसले होते. उत्तरार्धात एक बदली गडी मैदानात आला. चालण्यावरूनच ओळखला. समालोचक त्याचं नाव परत परत घेत होता.

मी घरी पळाले, मोबाइल तिथंच राहिला होता. फोन वाजतच होता.

"मौसी, देख रही हो?" पंकज. मागं काचेवर टकटक ऐकू येत होती. म्हणजे विनायकराव बाल्कनीत आणि देश सुरक्षित.

"देख रही हूं रे!"

"मौसी, पूरा मोहल्ला नाम लेके चिल्ला रहा है." त्यानं आवाज खाली आणला. "मैं कैसे चिल्लाऊं? तुम चिल्ला दो ना, मेरी तरफ से. एक बार. जोर से."

मी फोन घेऊन गच्चीवर गेले. खालून गल्लीतली माणसं वर बघायला लागली. त्या अभनपूरच्या पोराचं नाव मी छाती फुटेस्तोवर ओरडले. एकदा म्हणाला होता, मी तीनदा ओरडले. फोनमध्ये पंकज हसत होता, का रडत होता, कळलं नाही.

ते नाव ह्या लेखात मी कुठंच घातलेलं नाही. सुनंदाचे डोळे अधू झालेत, त्यामुळं हा लेख तिला पंकजच मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.