आतोबांची गच्चीवरची व्हायवा

"नापास न्हाई ओ, रिवर्कला आलीय."

जिन्याच्या वळणावर मी पुस्तकांची पिशवी घेऊन उभी होते आणि वरच्या मजल्यावर आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, शेजारच्या काकूंना मी कोण ते समजावून सांगत होते. "पीस चांगला हाय. कडेला जरा खरखर राहिलीय. घासली की निघतीय." काकू "हो का, बरं" म्हणाल्या आणि हळूच दार लावून घेतलं. मेडिकलच्या पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीत नापास झालेल्या मुलीबद्दल त्या महिन्यात बरंच बोललं गेलं होतं. संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी तर लोक मयताला यावं तसे येत, दबक्या आवाजात चहा पीत आणि "होईल सगळं नीट" म्हणून जात. म्हणून तर फेरपरीक्षेपर्यंत मला मोशीला आत्याकडे पाठवलं होतं. पण कुणी माझ्याबद्दल बोललेलं सगळ्यात आदराचं वाक्य मात्र हे जिन्यातलंच.

कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय घरात घ्यायची नसते, यावर आमच्या आतोबांइतकी श्रद्धा असलेला माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा नसेल. चाकणजवळच्या शेतकरी घरातला हा मुलगा पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका कंपनीत प्रेसवर लागला, पुढे त्याच कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, गेला, आणि मागच्या वर्षी रिटायर होऊन घरी आला तो क्वालिटी घेऊनच. कंपनीत नापास माल लाल क्रेटमध्ये टाकतात, तसा एक लाल क्रेट त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. त्यात गळकी छत्री, मऊ पडलेले पापड, पाहुण्यांनी आणलेली मिठाई आणि एकदा तर पाहुण्यांचीच चप्पल जाऊन पडली. चप्पल सापडत नाही म्हणून पाहुणे शेवटी अनवाणी निघाले, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "अंगठा सुटलाय तिचा. पाव्हना पडला असता जिन्यात." गणपतीत आरती झाली की मोदकांच्या डब्यातला एक वरचा, एक मधला आणि एक तळाचा असे तीन मोदक ते खाऊन बघत आणि मग मान हलवून लॉट सोडत. आत्या म्हणायची, "माझ्याशी लग्न करताना बरं नाही तपासलं काही." यावर ते गंभीरपणे सांगत, "तवा मी प्रेसवर होतो. क्वालिटीला नंतर गेलो."

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे व्हाय-व्हाय. कंपनीत एखादा पार्ट बिघडला की "का बिघडला?" असं विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा "का?" विचारायचं, आणि मूळ कारण हाती लागेपर्यंत सोडायचं नाही. हे त्यांनी एकदा आपल्या पुतणीला बघायला आलेल्या मुलावर वापरलं. मुलाने आधीची नोकरी सोडली होती. आतोबांनी विचारलं, का? म्हणे ऑफिस लांब होतं. लांब का? म्हणे घर रहाटणीला घेतलं. रहाटणीलाच का? मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढच्या दोन 'का'मध्ये असं निघालं की रहाटणीला एक मुलगी राहते आणि तिच्या घरचे तयार नाहीत. आतोबा उठले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग तिकडं जा की राव, हितं कशाला पोहे खातोस?" तो मुलगा तिकडेच गेला आणि सुखात आहे. दर दिवाळीला आतोबांना भेटून जातो. मिठाई आणत नाही.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"नापास का?"

"व्हायवात, तोंडी परीक्षेत, मार्क पडले नाहीत."

"का?"

"उत्तरं दिली नाहीत."

"येत नव्हती?"

घरी हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. 'झेपलं नाही' हे सगळ्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं. "येत होती," मी म्हणाले. आत आत्याचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मग बोलली का न्हाईस?"

"चुकलं तर सगळ्यांसमोर हसतील असं वाटलं. सर विचारतात तेव्हा माझा आवाजच निघत नाही. कधीच."

"अहो, पुरे करा तुमची कंपनी," आत्या आतून म्हणाली. पण आतोबांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "घावलं," ते म्हणाले. "माल चांगला हाय. पॅकिंग उघडत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर रोज व्हायवा सुरू झाली. माझ्याकडे हाडांचा सेट होता. हाडं प्लॅस्टिकची होती, पण हा तपशील आत्याला पटला नाही आणि देवघर असलेल्या घरात ती नकोत म्हणून ती गच्चीवरच राहिली, तीही तेव्हा मोकळा होता म्हणून वर नेलेल्या लाल क्रेटमध्ये. चांगला माल रिजेक्शनमध्ये बघून आतोबांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी कवटीच्या कपाळावर हिरवं 'ओके' स्टिकर लावलं तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. मग ते गच्चीच्या एका टोकाला पाण्याच्या टाकीपाशी उभे राहत, मी दुसऱ्या टोकाला. ते एखादं हाड उलटंसुलटं कसंही धरून विचारत, "ह्ये काय?"

"ह्युमरस. दंडाचं हाड."

"रिजेक्ट. मोठ्यानं."

ॲनाटॉमीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. हळू दिलेलं बरोबर उत्तर रिजेक्ट, मोठ्याने दिलेलं कुठलंही उत्तर ओके. एकदा मी मुद्दाम खांद्याचं हाड बघून "ही किडनी आहे" असं ठणकावून सांगितलं. "ओके," ते म्हणाले, "फुडचं." मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. नापास झाल्यापासून पहिल्यांदा हसले असेन. त्यानंतर चुकायची भीती जरा कमी झाली. आवाज मात्र इतका वाढला की एक दिवस खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून हाक मारली, "अगं, मांडीचं हाड कालच झालं ना तुझं? आमचे हे नाइट शिफ्ट करून झोपलेत."

आणि मग एका संध्याकाळी आतोबा कठड्याशी पाठमोरे उभे राहून नदीकडे बघत होते. मी त्यांनी विचारलेल्याचं उत्तर दिलं, चांगलं मोठ्याने. ते वळले नाहीत. पुन्हा दिलं. खालून वहिनींनी खिडकी लावल्याचा आवाज आला, तरी ते वळले नाहीत. थोड्या वेळाने मागे बघून म्हणाले, "बोल की. गप का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कायम समोरच्याच्या ओठांकडे बघतात. प्रेसच्या धडधडीत अर्धं आयुष्य गेलेलं, आणि कंपनीने आवाजासाठी दिलेले कानातले बोळे ते स्वतःच काढून ठेवायचे, "मशीन काय म्हनतंय ते ऐकू याया नको व्हय?" म्हणून. त्यांचं "मोठ्यानं" घरात सगळ्यांनी स्वभावावर ढकललं होतं. चपलेपासून मोदकापर्यंत सगळं तपासणाऱ्या माणसाचे कान कुणी तपासले नव्हते. मीही काही बोलले नाही. न बोलण्यात माझा हात कोण धरणार.

फेरपरीक्षेच्या व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या हातात हाड दिलं आणि मी टाकीपर्यंत पोचेल अशा आवाजात नाव सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला. "मुली, मी इथेच बसलोय," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि पुढचं सांगत सुटले.

निकाल लागला तशी मी पेढे घेऊन मोशीला गेले. आतोबा गच्चीवर होते. मी समोर जाऊन "पास" म्हणाले, त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, आणि ते इतके खूश झाले की वरचा, मधला, तळाचा असं काही न करता त्यांनी हाताला लागला तो पेढा तोंडात टाकला. मग डोळे पुसायला म्हणून नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना मागून काहीतरी म्हणाले, ते त्यांना अर्थातच कळलं नाही. सूर्य मावळत आला होता. मनात आलं, राहू दे, आजचा दिवस नको. असे कितीतरी दिवस मी आजवर राहू दिले होते.

मी कठड्याशी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले, ते माझ्याकडे बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आतोबा, तुम्हाला कमी ऐकू येतं. बरंच कमी. सोमवारी मी तुम्हाला कान दाखवायला नेणार आहे, आणि डॉक्टर जे काही म्हणतील ते मी स्वतः तुम्हाला सांगणार आहे, मोठ्याने."