शुक्रवार पेठेचा रहिवासी

"बरोबर न्हाय की," असे म्हणून तो उजव्या हाताचे एक बोट वर करी. आवाज चढवत नसे, कपाळाला आठी घालत नसे. विणीत एक धागा चुकला तरी हेच, आणि चहात साखर जास्त पडली तरी हेच. एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात अध्यक्षांनी सोलापूरला आशिया खंडाचे मँचेस्टर म्हटले, तेव्हा पहिल्या रांगेतून ते बोट वर आले. अध्यक्षांनी मँचेस्टर पाहिले नव्हते. याने पाहिले होते.

त्या काळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात राहणारा तो एकटाच गोरा माणूस. मी कलेक्टर कचेरीत कारकून होतो, त्याच्यापासून तीन घरे सोडून राहत होतो. रोज सकाळी तो पंचा नेसून ओट्यावर दात घासताना दिसे. साहेब म्हणजे घोड्यावरचा किंवा मोटारीतला एवढेच आम्हाला ठाऊक. दात घासणारा साहेब आम्ही प्रथमच पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे साहेब या जातीबद्दलचा आमचा आदर बराच कमी झाला.

लोक त्याला जर्मन म्हणत. त्यावरही बोट वर होई. तो जर्मन नव्हता. तो ज्या राज्यात जन्मला ते राज्य महायुद्धात मोडले आणि त्याच्या गावावर एका नव्याच देशाची पाटी लागली होती. गिरणीत नवे माग आले तेव्हा ते बसवून द्यायला म्हणून तो सोलापुरात आला. मराठी शिकला ती मागावरच्या तेलंगणी साळ्यांकडून. त्यामुळे त्याच्या मराठीत तेलुगू हेल होता, आणि वडीलधाऱ्या पुरुषाला 'मामा' म्हणायचे हा एकच शिष्टाचार त्याला ठाऊक होता.

गिरणीतली नोकरी त्या बोटापायीच गेली. मॅनेजर कुणा बड्या पाहुण्यांना खाते दाखवत होते. एक माग बंद पडलेला होता. त्याला नव्या पद्धतीने विश्रांती दिली आहे, असे मॅनेजरांनी पाहुण्यांना सांगितले. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

नोकरी गेली तसा तो आमच्या बोळात आला. सोलापुरात नवा असताना ज्या नरसय्या अण्णा साळ्यांकडे तो जेवायला येई, त्यांच्याच घरातली पुढची खोली त्याने भाड्याने घेतली आणि पेठेतल्या हातमागांची दुरुस्ती सुरू केली. लुगड्याच्या काठावरची नक्षी उचलणारे यंत्र बिघडले की साळी तास तास डोक्याला हात लावून बसत. हा मागाखाली आडवा होई आणि वरून नुसते त्याचे पाय दिसत. थोड्या वेळाने मागाचा खटखट आवाज पुन्हा सुरू होई. सहा महिन्यांत पेठेला त्याच्यावाचून चालेनासे झाले.

आणि मग कचेरीतून त्याला लखोटा गेला. तो मीच लिहिला होता, मसुदा चिटणीसांचा. गिरणीत असेपर्यंत त्याची हमी गिरणीकडे होती. आता महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या नावाने रहिवासाचा दाखला मिळवावा, नाहीतर जिल्हा सोडून मुंबईस जावे आणि बोटीत बसावे.

संध्याकाळी तो लखोटा घेऊन माझ्याकडे आला.

"भाऊ, अक्षर तुझं हाय."

"अक्षर माझं. हुकूम वरचा."

"मी गेलो न्हाय तर?"

"तर पोलीस पोचवतील."

मी विचारले, "तिकडं घर आहे ना तुमचं?"

"घर हाय. माणसं न्हाईत," तो म्हणाला. मग बोळाकडे बघून म्हणाला, "हितं उलटं हाय."

दुसऱ्या दिवशी तो छत्री घेऊन कचेरीत हजर. आमचे चिटणीस म्हणजे मोठे भारदस्त प्रकरण. लाल पगडी, सोनेरी काड्यांचा चष्मा. शिंकले तरी पट्टेवाला उठून उभा राही.

"नमस्कार मामा," तो म्हणाला.

कचेरीतल्या सगळ्या टाकांची कुरकुर एकदम थांबली. चिटणीसांना त्यांचे सख्खे भाचेदेखील रावसाहेब म्हणत.

चिटणीसांनी पारपत्र हाती घेतले आणि देशांची छापील यादी काढली. यादी युद्धापूर्वीची. पारपत्रावरचा देश तिच्यात नव्हता आणि तिच्यातला देश जगात नव्हता.

"म्हणजे सध्या आपला देश अस्तित्वात आहे की नाही?"

"हाय की मामा. कागद जुना हाय."

"सरकारी कागद जुना नसतो," चिटणीस म्हणाले. "आपण नक्की कोठून आलात?"

"शुक्रवार पेठेतून."

शेवटी मी यादीच्या तळाशी 'इतर' असा रकाना आखून दिला आणि त्याला त्यात बसवले. पण चिटणीसांनी दुसरे कलम काढले. नोकरी नसलेल्या परदेशी माणसाचे बँकेत स्वतःच्या नावाचे खाते हवे. त्याशिवाय दाखला नाही.

तो छत्री उघडून बँकेत गेला. तिथे एजंटसाहेबांनी, म्हणजे बँकेच्या मुख्यांनी, सांगितले, रहिवासाचा दाखला आणा, त्याशिवाय खाते नाही.

तो परत कचेरीत आला. कचेरीतून बँकेत गेला. असे आठवडाभर चालले. अखेर त्याने मला विचारले, "हे दोन मामा एकमेकांशी बोलत न्हाईत का?"

"बोलतात की. रोज संध्याकाळी क्लबात पत्ते खेळतात."

"मग?"

"तिथं कामाचं बोलायचं नाही असा क्लबाचा नियम आहे."

"बरोबर न्हाय की," तो म्हणाला. पण या वेळी बोट वर झाले नाही. मला ते बरे वाटले नाही.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा मीच चिटणीसांच्या कानावर घातले की पेठेतल्या पाच पंचांनी याची ओळख लिहून दिली तर खात्याशिवाय दाखला देणे कायद्याला चालावे. कायद्याला चालावे हे शब्द ऐकले की चिटणीस मऊ होत. "मसुदा नियमाप्रमाणे असला पाहिजे," ते म्हणाले.

मसुदे लिहून देणारे एक गृहस्थ कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसत. त्यांच्याकडे प्रत्येक कामाचा एकेक ठरलेला मसुदा होता आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करणे त्यांना पाप वाटे. नाव आणि पेठ तेवढी ते नवी घालत. पाचही पंच आले. दोघांनी तेलुगूत सह्या केल्या, एकाने मोडीत, दोघांनी अंगठे उठवले. मग त्याने स्वतःची सही करायची होती. आधी वाचून दाखवा, तो म्हणाला. मी वाचू लागलो.

"आम्ही खाली सह्या करणार पंच राजीखुशीने लिहून देतो की, सदर इसमास आम्ही त्याच्या लहानपणापासून ओळखतो—"

बोट वर झाले.

मी सांगितले, तशी लिहिण्याची पद्धतच आहे. मसुदेवाले म्हणाले, तीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. "खोडा," तो म्हणाला. स्टँपाच्या कागदावर खोडले की कागद बाद. नवा कागद लिहायचा तर नवा मसुदा लागेल, आणि त्यांच्याकडे दुसरा मसुदाच नव्हता. टाक सतरंजीवर ठेवून तो उठला. "खोटं लिहून ऱ्हायचं न्हाय. मी जातो मुंबईला."

मला त्याचा संताप आला. असल्या माणसाला बोटीत बसवणेच योग्य, असेही क्षणभर वाटले.

नरसय्या अण्णा तोपर्यंत अंगठ्याची शाई धोतराला पुसत उभे होते. ते म्हणाले, "बस खाली. खोटं कोण बोललं? मी का?"

"अण्णा, मी इथं आलो तवा चाळीस वर्षांचा हुतो."

"व्हय. आणि भाकरी मोडता येत हुती का तुला? चमचा मागितलास. पाटावर बसलास तर कलंडलास. माज्या म्हातारीनं तुला 'पानी', 'मीठ' म्हनायला शिकवलं, दोनदा न्हाय, धा येळा. ताप आला तवा रडलास का न्हाय?"

"रडलो," तो म्हणाला. तिथेही त्याला खोटे बोलवेना.

"मग? तुजं मोठंपन तिकडच्या लोकांनी बघितलं असंल. आमी जे बघितलं तेच लिहिलंय. कर सही, लई ऊन झालंय."

तो उभाच राहिला. लिंबाच्या सावलीतही त्याचा चेहरा लालबुंद दिसत होता. मग खाली बसून त्याने सही केली. अण्णांनी त्याच्या हातून टाक काढून घेतला, कारण तो परत द्यायचे त्याला सुचत नव्हते.

कागद आणि त्याला घेऊन मी चिटणीसांपुढे गेलो. त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. स्टँप पाहिला, अंगठे मोजले, एका पंचाच्या बापाचे नाव राहिले आहे म्हणून मला फैलावर घेतले. समोर पिंगट केसांचा, निळ्या डोळ्यांचा इसम उभा होता आणि सोलापूरचे पाच साळी त्याला लहानपणापासून ओळखत होते.

"मसुदा ठीक आहे," चिटणीस म्हणाले, आणि दाखल्यावर शिक्का मारला.

एजंटसाहेबांना मराठी येत नव्हती. दाखल्यासोबतच्या पंचांच्या कागदाचे भाषांतर मी केले. 'पुष्कळ काळापासून ओळखतात' इतकेच मी लिहिले. खोटेपणा म्हणाल तर या साऱ्या प्रकरणात तेवढाच, आणि तो माझा. बँकेचे पुस्तक हाती आले तेव्हा त्याने त्यातले पैशांचे पान पाहिलेच नाही. पहिल्या पानावर 'शुक्रवार पेठ' लिहिले होते, त्यावरून दोनदा बोट फिरवले.

पुढे माझी माळशिरसला बदली झाली. सात-आठ वर्षांनी काही कामासाठी सोलापूरला आलो आणि मुद्दाम बोळात गेलो. ओट्यावर नरसय्या अण्णा सुताची कांडी भरत बसले होते. त्यांना कमी दिसू लागले होते, पण आवाजावरून मला ओळखले.

"ते न्हाईत घरी," अण्णा म्हणाले. "कचेरीत गेलेत. पंच म्हनून."

"कुणाचे?"

"वरच्या खोलीत बिऱ्हाड आलंय, निजामाच्या मुलखातलं. त्याला दाखला पायजे हुता."

"किती दिवस झाले येऊन?"

अण्णांनी कांडी फिरवायची थांबवून आठवले. "परवाच आला की," ते म्हणाले.

मी त्याच्यासाठी थांबलो नाही. माझी गाडी होती. शिवाय कचेरीतला माणूस दारात बसलेला पाहून तो उगीच अवघडला असता. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.